घाटाच्या वाटेवर मोबाइलचं किती ऐकायचं?

जूनच्या मध्यावर महाबळेश्वरात पाऊस मुक्कामाला येतो आणि सप्टेंबर सरेपर्यंत हलत नाही. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस झेलणारं हे गाव. मे महिन्यात इथल्या अनेक तरुण मुलामुलींनी फिटनेस अ‍ॅप उत्साहाने घेतलेलं असतं. वेण्णा लेकच्या रस्त्यावर पळणं, विल्सन पॉइंटपर्यंतची चढण, मोबाइलवर रोज एकाने वाढणारी स्ट्रीक, मित्रांकडून येणारे कुडोज, सगळं सुरळीत चाललेलं असतं. मग चार दिवस धो धो कोसळतो. स्ट्रीक शून्यावर येते, आणि ते शून्य बघून मन जे खट्टू होतं ते पावसापेक्षा जास्त काळ तसंच राहतं. ऑक्टोबरात आभाळ मोकळं होतं, रस्ते कोरडे होतात, पण पळणाऱ्यांपैकी बरेच जण परत रस्त्यावर दिसत नाहीत.

हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि सातारा-सांगलीकडच्या अशा प्रत्येकासाठी, ज्याच्या व्यायामाची दोरी मोबाइलच्या हातात गेली आहे. अ‍ॅप काढून टाका असं मी सांगणार नाही. अंथरूण सोडून पहिल्यांदा घराबाहेर पडायला त्याची खरोखर मदत होते. पण सुरुवात करून देणं आणि वर्षानुवर्षं टिकवून ठेवणं ही निराळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामात अ‍ॅप कच्चं आहे. ते काम हळूहळू स्वतःकडे आणि सोबत्यांकडे घ्यावं लागतं.

आधी अ‍ॅप आपल्याला ओढतं कशाने, ते बघू. दहा हजार पावलांचा आकडा घ्या. १९६५ साली जपानमधल्या यामासा कंपनीने कमरेला लावायचं पाऊलमापक बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजारांचा आकडा घातला. तो तिथून आला, कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून नव्हे. तरीही तो अगदीच निराधार आहे असं समजू नका. २०२२ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये पंधरा अभ्यास एकत्र तपासून निष्कर्ष मांडला गेला. पावलं वाढतील तसा अकाली मृत्यूचा धोका कमी होतो, आणि साठीच्या आतल्यांच्या बाबतीत हा फायदा आठ ते दहा हजारांच्या आसपास स्थिरावतो, असं त्यात दिसलं. म्हणजे आठ हजार झाले आणि घड्याळात रात्रीचे दहा वाजलेत, तर उरलेल्या दोन हजारांसाठी खोलीत येरझाऱ्या घालण्याची काही गरज नाही. रोज तीन हजार चालणाऱ्याने पाच हजारांवर जाणं हीच मोठी कमाई आहे, आणि अ‍ॅप मात्र त्यालाही ‘लक्ष्य अपूर्ण’ असंच दाखवत राहतं.

आकड्यापाठोपाठ बक्षीस येतं. बॅज, नाणी, पुरी झालेली वर्तुळं. ‘स्टेपसेटगो’ हे आपल्याकडचं अ‍ॅप तर पावलांच्या बदल्यात नाणीच देतं. यात वाईट काही नाही, पण बक्षिसाचा एक गुणधर्म माहीत असायला हवा. एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना मधल्या टप्प्यात सुटलेल्या कोड्यामागे पैसे दिले आणि पुढे ते बंद केले. त्यानंतर मोकळ्या वेळेत आपण होऊन कोडं हातात घेण्याची त्या मुलांची ओढ कमी झालेली दिसली. ड्यूक विद्यापीठाच्या जॉर्डन एटकिन यांनी २०१६ साली हेच मोजण्याबद्दल दाखवलं. चालणं, वाचणं, चित्र रंगवणं अशा मुळात आवडीच्या गोष्टी मोजायला लागलं की माणसं त्या जास्त करतात, पण त्यातला आनंद घटतो, आणि पुढे त्या चालू ठेवण्याची इच्छाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. धुक्यातून केट्स पॉइंटकडे जाताना ज्या मुलीला चालणं आवडत होतं, तिला तीन महिन्यांनी फक्त आकडा आवडत असेल, तर आकडा थांबताच तिचं चालणंही थांबेल.

तरुणांवरच झालेला एक मोठा प्रयोग इथे सांगितला पाहिजे. अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये १८ ते ३५ वयाच्या, वजन जास्त असलेल्या ४७१ जणांना दोन वर्षं आहार-व्यायामाचं मार्गदर्शन दिलं. सहा महिन्यांनंतर निम्म्यांना व्यायाम मोजणारं यंत्र अंगावर घालायला दिलं, निम्म्यांनी आपली नोंद आपणच ठेवली. २०१६ साली निकाल प्रसिद्ध झाला. यंत्र घालणाऱ्यांचं वजन सरासरी साडेतीन किलोने उतरलं होतं, न घालणाऱ्यांचं जवळजवळ सहा किलोने. यंत्रामुळे वजन कमी उतरतं असा सरसकट अर्थ यातून काढू नये. पण यंत्र विकत घेतलं की काम आपोआप होईल ही समजूत मात्र यातून पुरती निकाली निघते.

आता करायचं काय?

स्ट्रीकपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त मुलं तिथे गळतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी बारा आठवडे तपासल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असं गणित निघालं. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात काही फरक पडत नाही. अ‍ॅपमधली स्ट्रीक याच्या नेमकं उलट वागते. तिच्या लेखी ऐंशी दिवसांनंतर चुकलेला एक दिवस म्हणजे सगळं वाया. म्हणून अ‍ॅपमध्ये सोय असेल तर रोजची स्ट्रीक बंद करा आणि आठवड्याचं लक्ष्य ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारसही आठवड्याचीच आहे: १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. सलग दहा मिनिटं झालीच पाहिजेत ही जुनी अटही आता नाही. बाजारपेठेतून घरापर्यंतचा खडा चढ रोज सहा मिनिटं भरभर चढलात, तर तीही मिनिटं धरायची.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे खंड पडल्यावर परत कसं यायचं हे आधीच ठरवून ठेवणं. २०२१ साली ‘नेचर’मध्ये केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या एका जिम साखळीचे ६१ हजारांहून जास्त सदस्य त्यात होते आणि त्यांना जिममध्ये आणण्याच्या ५४ युक्त्या चार आठवडे वापरून पाहिल्या. सर्वांत जास्त गुण आला तो चुकवलेल्या दिवसानंतर परत येणाऱ्याला थोडं जादा बक्षीस देण्याच्या युक्तीला. चार आठवडे संपल्यावर मात्र ५४ पैकी जेमतेम आठ टक्के युक्त्यांचा परिणाम शिल्लक उरला. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले की आपला मार्ग दिसतो. कौतुक करायचं ते परत येण्याचं, आणि बक्षिसाच्या जोरावर चार आठवड्यांपलीकडची मजल मारता येईल असं धरून चालायचं नाही.

यासाठी नोंदवहीत किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये एक वाक्य लिहून ठेवा: ‘दोन दिवस चुकले तर तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं, कुठेही.’ दहाच मिनिटं. भरपाई म्हणून दुप्पट पळायला गेलात की पोटऱ्या धरतात आणि आणखी आठवडा जातो. पावसाळ्यासारखा मोठा खंड पडला असेल, तर परतीसाठी एखादा ठळक दिवस धरा. आठवड्याची, महिन्याची, नव्या वर्षाची सुरुवात झाली की माणसं नव्या दमाने जिमकडे वळतात हे मिल्कमन यांच्याच आधीच्या अभ्यासात दिसलं होतं. आपल्याकडे ऑक्टोबरच्या तोंडावर घटस्थापना आणि दसरा येतात. घराबाहेर पडण्याच्या मुहूर्तासाठी सीमोल्लंघनाइतका चांगला दिवस कुठला?

आता घाटाबद्दल. सपाटीवरचे आकडे घाटात लागू पडत नाहीत, ही गोष्ट महाबळेश्वर, पाचगणी, सातारा पट्ट्यातल्या मुलांनी मनात पक्की करावी. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाताना साडेपाचशे मीटरहून जास्त चढ आहे. सांगलीत कृष्णाकाठच्या सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर अर्ध्या तासात पळणारा मावसभाऊ इथे तेवढ्याच दमात पळाला तरी खूप जास्त वेळ घेईल, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नसेल. अ‍ॅप मात्र त्याला आणि इथे घाटात पळणाऱ्या त्याच्या मावसबहिणीला एकाच यादीत बसवतं. वर राहणारी मुलगी त्या यादीत कायम तळाशी. तिला वाटतं आपण मुळातच ढ आहोत. वास्तविक तिच्या मांड्या आणि तिचा दम त्या भावाच्या वरचढ असण्याचीच शक्यता जास्त.

शिवाय यंत्रालाही मर्यादा आहेत. साधा पाऊलमापक तुमची हालचाल मोजतो, चढ मोजत नाही. दाट झाडीत आणि कड्यालगत जीपीएसचा ठिपका इकडेतिकडे सरकतो. नागमोडी वळणांवर तो कोपरे कापतो आणि अंतर कमी भरतं. उंचीचा अंदाज हवेच्या दाबावरून घेणारं घड्याळ नसेल तर चढाचे आकडेही ढोबळच असतात. कॅलरीच्या आकड्यावर तर मुळीच विसंबू नका. स्टॅनफर्डमध्ये २०१७ साली मनगटावरची सात यंत्रं तपासली, तेव्हा हृदयाचे ठोके बहुतेकांनी बऱ्यापैकी बरोबर मोजले, पण खर्च झालेली ऊर्जा सांगताना सर्वांत अचूक यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. ‘साडेतीनशे कॅलरी जाळल्या’ असं वाचून तेवढ्याचं स्ट्रॉबेरी क्रीम खाण्याचा हिशेब म्हणूनच जमत नाही. आणि कॅलरी मोजता मोजता जेवणाचीच धास्ती वाटू लागली असेल, तर तो भाग त्याच दिवशी बंद करा आणि घरातल्या मोठ्यांशी किंवा डॉक्टरांशी बोला.

चढावर मोजायचंच असेल तर मिनिटं मोजा आणि श्वास बघा. सोबत्याशी बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम श्रम. दोन-चार शब्दांनंतर थांबावं लागतंय, तो जोराचा. दुसरं, एक ठरावीक वाट आपली म्हणून निवडा: साताऱ्यात अजिंक्यताऱ्याची चढण, पाचगणीत टेबललँड, महाबळेश्वरात घरापासून एखाद्या पॉइंटपर्यंतचा रस्ता. महिन्यातून एकदा त्याच वाटेवर वेळ घ्या आणि तुलना फक्त स्वतःच्या गेल्या महिन्याशी करा. स्ट्राव्हासारख्या अ‍ॅपमध्ये चढाचा विचार करून दुरुस्त केलेला पेस, म्हणजे दर किलोमीटरला लागणारा वेळही बघता येतो, तो साध्या पेसपेक्षा उजवा.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना हे दुप्पट लागू आहे. २०१२ पासून होणारी ही शर्यत यवतेश्वर घाटाने कासच्या दिशेला चढते आणि त्याच वाटेने उतरते. आधी चढ, नंतर उतार. सपाट रस्त्यावरचा सरासरी पेस डोळ्यांसमोर ठेवून निघालेला नवखा धावपटू घाटातच दमून जातो, आणि उतारावर त्याच्या मांड्या साथ सोडतात. तयारीत आठवड्यातून एक दिवस नुसत्या चढाचा ठेवा आणि घड्याळ बाहीखाली झाका. हळू उतरण्याचा सरावही वेगळा करा, कारण त्यात मांड्यांवर येणारा ताण चढापेक्षा निराळा असतो.

पावसाळ्याचा प्रश्न अ‍ॅपच्या भरवशावर सुटणार नाही, कारण ज्यांनी ते बनवलं त्यांच्या डोळ्यांपुढे चार महिन्यांचं धुकं नव्हतं. वर्षाचे सरळ दोन भाग करा आणि दोन वेगळी लक्ष्यं ठेवा. ऑक्टोबर ते मे रस्ता, जून ते सप्टेंबर घर. घरातल्या व्यायामासाठी लांब जायला नको. औंध संस्थानचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला तो याच मुलखातून. औंध सातारा जिल्ह्यात, आणि त्याच संस्थानातलं आटपाडी आज सांगली जिल्ह्यात. संस्थानच्या शाळांमधून त्यांनी नमस्कार सुरू केले, १९२८ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि स्वतःचा नेम मोडू दिला नाही. नमस्कारांना एक सतरंजी पसरण्याइतकी जागा पुरते. दम, ताकद, लवचिकपणा तिन्ही सांभाळले जातात, आणि आरोग्य संघटनेने सांगितलेल्या ताकदीच्या दोन दिवसांसाठी जोर-बैठकांची जोड दिली की झालं. चालणं होत नसल्याने मोबाइल त्या दिवशी ‘आज तुम्ही निष्क्रिय होता’ असं म्हणेल. म्हणू द्या. बहुतेक अ‍ॅपमध्ये व्यायाम हाताने नोंदवता येतो, तिथे वीस मिनिटं लिहून टाका.

मोजण्याला आपल्या परंपरेतही कधी मज्जाव नव्हता. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमधून कुस्तीचं कांस्यपदक आणलं. त्यांच्या या मुलखातल्या तालमींमध्ये जोर किती आणि बैठका किती, हे रोज मोजलं जायचं, आजही मोजलं जातं. फरक एवढाच की तिथे आकड्याशेजारी वस्ताद उभा असतो. पाठ वाकली तर तो टोकतो, ताप असेल तर घरी पाठवतो, आणि पोरगा चार दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी निरोप धाडतो. आकडा, जाणकाराची नजर आणि सोबत या तीन गोष्टींमधली पहिलीच तेवढी अ‍ॅप देतं. उरलेल्या दोन आपल्याला शोधाव्या लागतात, आणि माझ्या मते व्यायाम टिकतो तो या दोन गोष्टींवर.

सोबतीचा परिणाम किती खरा आहे, हेही मोजलं गेलंय. सिनान अराल आणि क्रिस्टोस निकोलाइडिस यांनी सुमारे अकरा लाख धावपटूंच्या नोंदी तपासून २०१७ साली दाखवलं की मित्र एक किलोमीटर जास्त पळाला तर त्याच दिवशी आपण सुमारे तीनशे मीटर जास्त पळतो. एकाच्या गावी पाऊस पडून त्याचं पळणं घटलं की दुसऱ्या गावातल्या मित्राच्या पळण्यावर काय होतं, ते बघून त्यांनी हा परिणाम निराळा काढला, हे विशेष. म्हणून अ‍ॅपमध्ये शेकडो अनोळखी माणसांना फॉलो करण्यापेक्षा चारच ओळखीची माणसं ठेवा, जी पहाटे तुमच्या दारात येऊन हाक मारतील. बहीण, वहिनी, हॉटेलात सोबत काम करणारा मित्र, कुणीही. मुलींसाठी तर सोबत हाच मुख्य प्रश्न आहे. २०२२ सालच्या आकडेवारीवर आधारलेल्या ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’च्या अहवालानुसार भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या प्रौढांचं प्रमाण पुरुषांत सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आहे. यामागे आळस आहे असं मला वाटत नाही. अंधारा रस्ता, पाण्याची आणि डब्यांची वेळ, लोकांच्या नजरा यांची गणना कुठलंही अ‍ॅप करत नाही. तिघी-चौघींनी मिळून वेळ ठरवली तर निदान रस्त्याची भीती कमी होते.

सीझनमध्ये हॉटेलात दिवसभर जिने चढणारा मुलगा आणि स्ट्रॉबेरीच्या मळ्यात वाफ्यांमधून वाकून राबणारी मुलगी यांना वेगळं सांगायला हवं. पहिल्याचं अ‍ॅप पंधरा हजार पावलांचा बॅज देईल, दुसरीचं जवळजवळ काहीच दाखवणार नाही, आणि संध्याकाळी दोघंही थकलेलीच असतील. कामाचे श्रम शरीराने केलेलेच असतात, त्यांना कमी लेखू नका. अशा दिवशी वर आणखी पळण्याची गरज नाही. दिवसभर वाकणाऱ्या कमरेला ताण देणारे, पाठ मागे नेणारे दहा मिनिटांचे व्यायाम आणि पुरेशी झोप जास्त उपयोगी. काम नसलेल्या दिवशी मात्र आवडीचं काहीतरी करा, मनातून वाटतं म्हणून.

स्ट्राव्हामध्ये रस्त्याचे ठरावीक टप्पे आणि त्यांवरच्या वेळांच्या याद्या असतात. चढाच्या टप्प्यावर जिद्द लावायला हरकत नाही. उतारावर, विशेषतः सायकलवरून, यादीत वर जाण्याच्या नादी लागू नका. पसरणी किंवा केळघर घाटातल्या वळणावर समोरून एसटी येते, पर्यटकांच्या गाड्या येतात, धुक्यात गवाही उभा असतो. कानात इअरफोन तर नकोतच.

प्रायव्हसीच्या सेटिंग्जही आजच बघा. स्ट्राव्हाने प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशातून २०१८ च्या जानेवारीत लष्करी तळांच्या जागा आणि तिथले पळण्याचे मार्ग उघडे पडले होते. सैनिकांचं असं झालं, तर छोट्या गावातल्या मुलीचं घर आणि तिची पहाटेची वेळ शोधणं किती सोपं आहे? धावेची सुरुवात आणि शेवट लपवण्याची सोय चालू करा, नोंदी फक्त ओळखीच्यांना दिसतील असं ठेवा, आणि पळून घरी आल्यावरच त्या टाका.

दर तीन महिन्यांनी एक आठवडा अ‍ॅप न उघडता व्यायाम करा. घड्याळ घरी, मोबाइल फक्त अडीअडचणीच्या फोनसाठी खिशात. त्या आठवड्यात नेहमीइतकेच दिवस बाहेर पडलात, तर अ‍ॅप खुशाल ठेवा, ते तुमच्या कामाची वही झालं आहे. बाहेर पडणं निम्म्यावर आलं, तर लक्ष्य वाढवू नका. आधी सोबती बदला, वाट बदला, नाहीतर व्यायामच बदला. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तीनदा पहिल्या आल्या आणि मग ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळल्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. पळण्यात मन रमत नसेल, तर तुम्हीही पोहून बघा, खो-खोच्या मैदानावर जा, रविवारी प्रतापगड चढा, आणि पुढच्या तीन महिन्यांनी पुन्हा तोच आठवडा पाळून बघा.